घाटापलीकडचा पैसा

जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांमध्ये तीन परदेशी दात्यांचे लेख आहेत. यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली. यवन चिटाने भिक्खुसंघाला भोजनमंडप दिला. यवन चंदाने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आणि अगदी त्रोटक आहेत. कोणी दिलं आणि काय दिलं, एवढंच त्यांत आहे. पण समुद्रापलीकडून आलेल्या माणसांचा पैसा या गावात खर्च झाला, हे त्या दगडांवर अठराशे-एकोणीसशे वर्षं टिकून आहे.

मी याच गावचा. नोकरी बँकेत केली, आणि त्यातली बरीचशी जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतच झाली. नारायणगाव, घोडेगाव आणि शेवटी मंचर. निवृत्त झाल्यावरही लोक घरी येतात, कारण आता घराघरांतून कोणी ना कोणी परदेशी निघालेलं असतं. मुलगी जर्मनीला शिकायला चाललेली असते, मुलाला कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलेलं असतं, द्राक्षबागायतदार इस्राएलच्या दौऱ्याला निघालेले असतात. ‘‘साहेब, हे कार्ड तिकडं चालंल ना? किती वापरलं तर चालतंय?’’ असं ते विचारतात. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो. या दोन तालुक्यांनी परदेशी पैसा देशात आणण्याचं काम फार जुन्या काळापासून केलं आहे. तो पैसा स्वतः बाहेर नेऊन खर्च करण्याची मोकळीक मात्र इथल्या सामान्य माणसाला अगदी काल-परवा मिळाली. ती कशी मिळाली आणि तिच्या अटी कोणत्या, हे आपल्या लोकांना नीट माहीत असावं, यासाठी हा लेख.

सुरुवात नाणेघाटापासून. घाटघरच्या पठारावरून ही वाट वैशाखरेकडे कोकणात उतरते आणि मुरबाडमार्गे कल्याणला, पुढे सोपाऱ्याला जाते. वर जीवधन, थोडं मागे चावंड आणि हडसर. वाटेवर राखण ठेवायला याहून चांगली जागा सापडणार नाही. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख आहे, आणि राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्तींची पावलं तेवढी उरली आहेत आणि वर नावं आहेत: सिमुक, नागनिका, सातकर्णी आणि पुढचे. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा आहे. त्या दक्षिणेत गायी, हत्ती, घोडे आणि हजारोंच्या हिशेबात कार्षापण आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. रांजणाची गोष्ट कोणी मानो न मानो, एवढा मोठा दानधर्म करणाऱ्या घराण्याने आपला लेख नेमका या चिंचोळ्या वाटेवर कोरला, यातच या वाटेचं मोल कळतं.

वाट होती, तसे तिचे नियमही होते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रमार्गांचं वर्णन आज उपलब्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सारगनाच्या काळात कल्याण ही परवानगीची पेठ होती. पुढे ते सांदनाच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या व्यापारावर बंधन आलं. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. कल्याणचं बंदर अडलं म्हणजे नाणेघाट उतरणाऱ्या मालाची मोठी वाट अडली. परदेशी व्यवहार कोणत्या बंदरात करायचा, हे त्या काळीही राज्यच ठरवत होतं. व्यापाऱ्याच्या मर्जीवर ते सोडलेलं नव्हतं.

त्याच ग्रंथातली आणखी एक नोंद मला बँकेतला माणूस म्हणून फार महत्त्वाची वाटते. भडोचला रोमन सोन्याचांदीची दिनार नाणी आणावीत, कारण स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदल करताना नफा होतो, असं तो व्यापारी लिहितो. हा विनिमय दराचा सल्ला आहे, आणि तोही लेखी. तिकडे रोममध्ये प्लिनी या लेखकाने तक्रार लिहून ठेवली की भारत दरसाल आपल्या साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्सहून कमी काही नेत नाही. आपला पैसा बाहेर चालला आहे ही राज्यकर्त्यांची भीती तेवढी जुनी आहे. मात्र तेव्हा भीती रोमला होती आणि पैसा आपल्याकडे येत होता.

त्या काळात जुन्नर काही वर्षं क्षत्रप नहपानाकडे होतं. मानमोडीच्या लेण्यांत त्याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचा लेख आहे. वर्ष ४६, दान एक पोढी आणि एक मंडप. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. हा शक संवत धरला तर इसवी सन १२४ येतो. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात जे लिहून ठेवलं ते तर मी प्रत्येक नव्या बँक कर्मचाऱ्याला दाखवावं असं आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० शेकडा १ दरमहा व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. दुसऱ्या एका दानात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असा हिशेब दिला आहे. एका सोन्याच्या नाण्याला ३५ चांदीची. विनिमयाचा दर दगडात कोरून जाहीर केलेला, म्हणजे उद्या कोणी वाद घालायला नको. जुन्नरच्या लेखांतही अशा श्रेणी भेटतात. बुरूडकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे आणि धान्य व्यापाऱ्यांचीही आहे. ठेव कोणाकडे आहे, तिचं उत्पन्न कशावर खर्च करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. आज ज्याला आपण अटी आणि शर्ती म्हणतो त्या तेव्हा चार ओळींत आणि लोकांच्या भाषेत लिहीत. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मधल्या शतकांबद्दल थोडक्यात. १६५७ साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला तेव्हा ३ लाख होन आणि २०० घोडे हाती लागले. होन हे दक्षिणेतलं सोन्याचं नाणं. ते एवढ्या संख्येने मोगली ठाण्यात सापडतं, यावरून जुन्नरच्या पेठेत कुठकुठलं नाणं खेळत होतं ते कळावं. पेशवाईत चांदवडी रुपया वेगळा, पुण्याचा अंकुशी वेगळा, सुरती वेगळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. दूरच्या गावी पैसा पाठवायचा तर हुंडी. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया सगळीकडे लागू झाला आणि बट्ट्याचा तो रोजचा त्रास हळूहळू संपला. परदेशी नाण्याशी असलेला संबंध मात्र त्यानंतर सामान्य माणसाच्या हातून पुरता गेला.

हिरड्याचं उदाहरण घ्या. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या रानापर्यंत, महादेव कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करत आली आहेत. कातडी कमावायला तो लागतो, म्हणून मुंबई बंदरातून विलायतेला जायचा. पौंडात विकला जाणारा हा माल गोळा करणाऱ्या बाईच्या हाती रुपया-आणेच पडत, आणि तेही व्यापाऱ्याच्या मापाने. आज द्राक्षांचं तसंच आहे. आमच्या भागातली द्राक्षं युरोपात जातात. औषधांच्या अंशाची तपासणी होते, बागेची नोंदणी होते, पेटीवरून बाग शोधता येते. निर्यातदाराच्या बँकेत युरो येतात, ठरलेल्या मुदतीत ते आणणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि बागायतदाराच्या खात्यात रुपये जमा होतात. यात गैर काही नाही, व्यवस्था अशीच असते. पण माझ्या मनात एक विचार नेहमी येतो. देशासाठी परकीय चलन ज्या माणसाने घामाने मिळवलं, त्याच्याच मुलीला परदेशी शिकायला जाताना ते चलन मागायला बँकेच्या दारात उभं राहावं लागतं. तिला निदान नियम तरी समजेल अशा भाषेत मिळायला हवेत.

ते दारात उभं राहणं कधी सुरू झालं, त्याची तारीख सांगता येते. ३ सप्टेंबर १९३९, दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात. भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आलं. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. १९४७ साली परकीय चलन नियमन कायदा झाला. १९७३ साली त्याच्या जागी दुसरा, अधिक कडक कायदा आला आणि १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. त्याला सगळे ‘फेरा’ म्हणत. त्याच १९७४ साली कॉफेपोसा हा तस्करीविरोधी कायदा आला, ज्याखाली खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येत असे. फेरामध्ये परकीय चलनाचा गुन्हा हा फौजदारी गुन्हा होता, अटक होऊ शकत होती, आणि आपण निर्दोष आहोत हे बऱ्याच बाबतींत आरोपीनेच सिद्ध करायचं होतं.

मी नोकरीला लागलो त्या काळचं वातावरण आज तरुणांना सांगून खरं वाटत नाही. विमानाचं तिकीट काढायला आधी रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा पी फॉर्म लागे. सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या साध्या प्रवाशाला ८ डॉलर मिळत, ही आठवण त्या पिढीतले लोक अजून सांगतात. विमानतळावरून नातेवाइकाच्या घरी टॅक्सीने जायलाही ते पुरणार नव्हते. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाने विमानतळावर न्यायला यायचं, आणि इकडे त्याच्या आई-वडिलांना तेवढे रुपये पोचते करायचे, अशी सोय घरोघर चाले. कायद्याच्या दृष्टीने ते चूकच होतं. पण ती चूक माणसांपेक्षा त्या कायद्याची जास्त होती, असं माझं ठाम मत आहे. आईच्या औषधाला लागणारे पैसे आणि तस्करीचं सोनं यांना एकाच कायद्याने एकाच नजरेने पाहिलं.

कार्ड आलं ते याच काळात. १९८० साली सेंट्रल बँकेने सेंट्रलकार्ड काढलं. पुढे अनेक बँकांची कार्डं आली. नव्वदच्या दशकानंतर एटीएमची कार्डं गावोगाव पोचली, तेव्हा त्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की हे कार्ड फक्त भारत आणि नेपाळमध्ये ग्राह्य आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या ओळखीचं क्रेडिट कार्ड मात्र वेगळं. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड सुरू झालं आणि ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की अजूनही खेड्यात तेच डोळ्यांपुढे येतं. ते पीककर्ज आहे, रुपयातलं आहे, आणि परदेशातल्या खर्चासाठी नाही. परदेश दौऱ्याला निघालेल्या एका आजोबांनी मला ते काढून दाखवलं होतं. त्यांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचं पुढचं वाक्य होतं, ‘‘मग आमच्यासाठी दुसरं कंचं?’’ प्रश्न रास्त होता. शेती उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, पगारपत्रकही नाही. अशा माणसाला कार्ड द्यायला बँका का-कू करतात. त्याला बहुधा मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळतं, आणि माझ्या मते पहिलं कार्ड तसं घेणंच चांगलं.

बदलाचं कारण संकट होतं. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवलं. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं. त्या दिवसांत शाखेत कामाला बसलेल्या आम्हा लोकांना पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या टेबलावरचे ते कंटाळवाणे फॉर्म कशासाठी होते. त्यानंतर दारं एकेक करून उघडली. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावरच्या व्यवहारांसाठी, म्हणजे प्रवास, शिक्षण, औषधोपचार यांसाठी, रुपया परिवर्तनीय झाला. १९९९ साली नवा कायदा संमत झाला, परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला ‘फेमा’ म्हणतात. १ जून २००० पासून तो लागू आहे. फेरा रद्द झाला. नव्या कायद्यात उल्लंघन हा मुख्यतः दंडाचा विषय झाला, तुरुंगाचा नाही. चालू खात्याच्या व्यवहारासाठी कोणालाही परकीय चलन घेता येईल, सरकारने वाजवी बंधनं घातली असतील तेवढी सोडून, असं त्याचं पाचवं कलम म्हणतं. आधी सगळं बंद आणि परवानगीने थोडं उघडं होतं. २००० नंतर सगळं उघडं आणि नियमाने थोडं बंद, असं झालं. माझ्या नोकरीच्या काळातला हा सगळ्यात मोठा बदल, असं मी मानतो.

त्याच वर्षीच्या नियमांत सातवा नियम होता आणि आपल्या विषयाचा गाभा तोच. परदेशात असताना तिथला खर्च भागवायला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड वापरलं, तर इतर व्यवहारांना लागणारी मर्यादा त्याला लागणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. रिझर्व्ह बँकेने वेगळा आकडा घातला नाही. बँकेने कार्डाला दिलेली मर्यादा तीच खर्चाची मर्यादा. ज्या रहिवाशाचं परदेशी बँकेत कायदेशीर खातं आहे, किंवा इथल्या बँकेत परकीय चलनाचं खातं आहे, त्याला परदेशी बँकेचं कार्डही घेता येतं. त्याचं बिल त्या खात्यातून भरायचं, नाहीतर भारतातल्या ज्या बँकेत आपलं बचत किंवा चालू खातं आहे तिच्यामार्फतच पाठवायचं. पैसे थेट कार्ड देणाऱ्या संस्थेलाच जायला हवेत, मधल्या तिसऱ्याला नाही. ही शेवटची अट मी लोकांना दोनदा सांगतो. ‘तू तिकडं भर, मी इकडं तुझ्या घरी देतो’ हा जुना व्यवहार आजही बेकायदाच आहे, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही.

मनाई असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण ठाम आहेत. परदेशी लॉटरीचं तिकीट, बंदी घातलेली नियतकालिकं, शर्यती आणि पैजांच्या स्पर्धा यांसाठी कार्ड वापरता येत नाही. घरी बसून इंटरनेटवरूनही नाही. मोबाइलवर परदेशी पैजेच्या जाहिराती आमच्या कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नेपाळ आणि भूतानमध्येही आंतरराष्ट्रीय कार्डाने परकीय चलनात पैसे देण्याला परवानगी नाही. पशुपतिनाथाला जाणाऱ्या यात्रेकरूंनी रुपयांचीच सोय करावी.

दुसरीकडे २००४ साली रिझर्व्ह बँकेने उदार प्रेषण योजना आणली. रहिवाशाने वर्षाला २५,००० डॉलर कोणत्याही मान्य कारणासाठी बाहेर पाठवावेत, अशी ती होती. ही मर्यादा वाढत २००७ मध्ये २ लाख डॉलरवर गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता तेव्हा ती एकदम ७५,००० वर आणली. पुढच्या वर्षी १,२५,०००, आणि २०१५ पासून आजपर्यंत माणशी दर आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. रुपयावर ताण आला की दार ओढून घ्यायचं, ताण उतरला की पुन्हा उघडायचं. प्लिनीची भीती दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांतही जिवंत आहे, आणि ती निराधार नाही. १९९१ ज्यांनी पाहिलं ते तिला हसणार नाहीत.

फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डावरचा खर्च या वार्षिक मर्यादेत धरला जायचाच. क्रेडिट कार्ड सातव्या नियमामुळे बाहेर राहिलं. १६ मे २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून तो सातवा नियमच वगळला. म्हणजे परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चही मर्यादेत आणि उगमावरच्या करवसुलीत, ज्याला टीसीएस म्हणतात, आला असता. देशभर गोंधळ उडाला. तीन दिवसांनी, १९ मेला, ७ लाखांपर्यंतच्या कार्ड खर्चाला सूट देऊ असं जाहीर झालं. २८ जूनला अर्थ मंत्रालयाने सांगितलं की क्रेडिट कार्डाविषयीची अंमलबजावणी तूर्त पुढे ढकलली आहे, आणि परदेशात असताना या कार्डावर केलेला खर्च योजनेत धरला जाणार नाही. मात्र योजनेखाली शिक्षण-औषधाव्यतिरिक्त कारणांसाठी पाठवलेल्या ७ लाखांवरच्या रकमांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के टीसीएस लागू झाला. ७ लाखांची सवलतीची रेषा १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवर नेली गेली.

शहरातला पगारदार माणूस हे २० टक्के आयकरात वळते करून घेतो. आमच्या शेतकऱ्याचं काय? समजा त्याने वर्षात १५ लाख रुपये परदेशी पाठवले, शिक्षण-औषधाव्यतिरिक्त कारणासाठी. वरच्या ५ लाखांवर १ लाख रुपये कापले जातील. तो कर सरकार परत देतं, पण विवरणपत्र भरलं तर. ज्याने जन्मात विवरणपत्र भरलेलं नाही त्याला हे कोण सांगणार? बँकेच्या खिडकीवर हे सांगायला वेळ नसतो, हे मी आतून पाहिलं आहे. म्हणून शेतकरी कुटुंबांनी अशा वर्षी विवरणपत्र भरायलाच हवं. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही, हेही लक्षात असू द्या. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो तिथल्या बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात. ती रक्कम कर्जातून जाते की वडिलांच्या ठेवीतून, यावर हिशेब बदलू शकतो.

बट्टाही पुन्हा आला आहे. परदेशात कार्ड घासलं की बरीच कार्डं दोन ते साडेतीन टक्के वाढीव आकार घेतात, वर त्या आकारावर कर. तिथल्या दुकानदाराने ‘रुपयात बिल करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणावं, त्यात दर आणखी महाग पडतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासून नव्या कार्डाचा परदेशातला वापर बंद अवस्थेत येतो, तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. माझ्या भाच्याला हे फ्रँकफर्टच्या विमानतळावर कळलं. कार्ड चांगलं, शिल्लक पुरेशी, पण कळ बंद. घरून फोनवर सांगून ती सुरू करेपर्यंत पोरगं पाण्याच्या बाटलीलाही महाग होतं.

खोडदच्या महादुर्बिणीवर जगभरातले शास्त्रज्ञ येतात. त्यांतले कोणी नारायणगावात उतरून एटीएममधून रुपये काढतात, चहा घेतात आणि जातात. त्यांना इथे अडचण येत नाही, तसंच इथल्या माणसाला तिकडे मोकळेपणाने वावरता यावं. कायद्याने तेवढी वाट आता करून दिली आहे. अडतंय ते माहितीपाशी.

म्हणून दोन मागण्या. पहिली सरकारकडे. २०२३ पासून ‘तूर्त पुढे ढकललं’ या शब्दांवर लटकलेला क्रेडिट कार्डाचा नियम एकदाचा पक्का करावा. नियम कडक असला तरी चालेल, पण तो लेखी आणि कायम असावा. दुसरी बँकांकडे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या प्रत्येक शाखेत परदेशी जाणाऱ्यांसाठी मराठीत एक पानाचं पत्रक ठेवावं. त्यात वार्षिक मर्यादा, टीसीएसची रेषा, कार्डाचा वाढीव आकार आणि परदेशी वापर सुरू करायची पद्धत एवढं पुरे.

ते पत्रक येईपर्यंत, ज्यांच्या घरातलं कोणी निघणार असेल त्यांनी तिकीट काढण्याआधी पॅन कार्ड घेऊन शाखेत जावं, या चारही गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर ईमेलवर किंवा कागदावर मागून घ्यावं. ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.